खाटेमागचं गाजर गवत आणि अडीच लाखांच्या पेशी

पत्र थोडक्यात असं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून २६ वर्षांच्या मुलानं लिहिलंय. घरी चार एकर वावर, तो स्वतः तालुक्याला मोबाईलच्या दुकानात कामाला. बाबा ५४ वर्षांचे, त्यांना चार वर्षांपासून खाज. आधी फक्त पावसाळ्यात यायची, पापण्या, मानेच्या दोन्ही बाजू, कोपराच्या आतली घडी, आणि दिवाळी झाली की आपोआप जायची. यंदा गेलीच नाही. चेहऱ्याची कातडी काळी आणि जाड झाली, कपाळावर घड्या पडल्या, उन्हात निघाले की आग होते. गावातल्या डॉक्टरची सुई न मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब, आठ दिवस बरं, मग परत तेच. मामा म्हणतात हा महारोग आहे, कोणाजवळ बोलू नका, पोरीचं लग्न राहिलंय. बाबा आता पंगतीत बसत नाहीत. अशात ओळखीतल्या एकानं शहरातल्या एका सेंटरचं पत्रक आणून दिलं: तुमच्याच रक्तातल्या इम्युन पेशी काढतो, वाढवतो, परत सोडतो, प्रतिकारशक्ती मुळापासून दुरुस्त, तीन सिटिंग, अडीच लाख रुपये. बैलजोडी विकली आणि कापसाच्या चुकाऱ्यातले ठेवलेले पैसे टाकले तर जमतं. आई तयार आहे, बाबा नको म्हणतात. मुलगा विचारतो, "ताई, हे पेशीवालं शास्त्र खरं आहे का? आणि खरं असलं न मी पैशापायी मागे हटलो, तर मी बाबांचा गुन्हेगार होईन का?" सोबत तीन फोटो.

भाऊ,

तुमचे फोटो मी आधी पाहिले आणि पत्र नंतर वाचलं, आणि खरं सांगू का, तिसऱ्या फोटोवरच माझी नजर अडकून राहिली. त्यात बाबा अंगणात खाटेवर बसले आहेत, तुम्ही तो फोटो त्यांचा चेहरा दिसावा म्हणून काढला असेल, पण मी पाहून राहिले खाटेच्या मागे. भिंतीपासून सांडपाण्याच्या नालीपर्यंत कमरेइतकं हिरवं झाड माजलंय, वर साबुदाणा सांडल्यासारखी पांढरी बारीक फुलं, आणि त्याच्यावरच बाबांचा दुपट्टा वाळत टाकलेला. ते गाजर गवत आहे, काँग्रेस गवत म्हणतात ते. तोच दुपट्टा बाबा तोंडाला बांधून वावरात जात असतील न?

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बारा वर्षं स्किनच्या ओपीडीत सिस्टर होते, त्यामुळे निदान मी करणार नाही, ते तपासूनच होतं. पण पापण्या, मान, कोपराची घडी, पावसाळ्यात येणं, हिवाळ्यात जाणं, मग दोनचार वर्षांनी बारमाही होऊन बसणं, आणि माणूस वावरात राबणारा, ही गोष्ट मी त्या ओपीडीच्या बाकावर इतक्या वेळा ऐकली आहे की पेशंट बोलायच्या आधी मला पुढचं वाक्य माहीत असायचं. गाजर गवताची ॲलर्जी. झाडाला हात लावायचीही गरज नसते, वाळलेल्या झाडाचा भुगा, त्याची बारीक लव हवेतून येते आणि जिथे घाम साचतो, जिथे कातडी पातळ असते, तिथे जाऊन बसते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते, पण त्याच्याआधी प्रश्नातच एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात ती मला जरा हलवून पाहायची आहे. तुम्ही लिहिलंय "बाबांची प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून हे होऊन राहिलं." हे तुम्हाला कोणी सांगितलं? पत्रकानं सांगितलं. पत्रक छापणाऱ्याला ते सांगणं भागच आहे, कारण कमी असल्याशिवाय वाढवून द्यायचे पैसे कसे घेणार.

बिबा उतला म्हणतात ते तुम्हाला माहीतच असेल. माझी आजी आर्वीकडची, पायात काटा मोडला की बिबा तापवून त्याचं तेल टोचायची, तिला काही होत नसे. माझा चुलतभाऊ मात्र चुलीपाशी नुसता बसला होता, बिब्याचा धूर लागला आणि दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात इतकं तोंड सुजलं. आता सांगा, दोघांत प्रतिकारशक्ती कोणाची कमी? भावाची तर जास्तच जागी होती, नको तितकी जागी. बिब्याचं तेल काही जंतू नाही, ते सरळ चटकाही लावतं ही गोष्ट वेगळी, पण भावाच्या कातडीनं त्याला शत्रू ठरवून ठेवलं होतं आणि नुसत्या धुरावर सगळी फौज बाहेर काढली. बाबांच्या कातडीत गाजर गवताच्या बाबतीत तेच चालू आहे. अशा माणसाची प्रतिकारशक्ती आणखी वाढवायची म्हणजे भांडण चालू असलेल्या घरात आणखी चार भांडखोर पाहुणे आणून बसवायचे.

हे आतमध्ये कसं होतं ते जरा नीट सांगते, कारण ते कळलं की पत्रक कसं वाचायचं ते आपोआप कळतं.

आपल्या कातडीच्या वरच्याच थरात फांद्या फुटलेल्या काही पेशी असतात, त्यांना लँगरहान्स पेशी म्हणतात. १८६८ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या पोरानं, तेव्हा तो विशी-एकविशीचा विद्यार्थी होता, त्या पहिल्यांदा पाहिल्या आणि त्याला वाटलं ह्या मज्जातंतूच्या पेशी आहेत. पुढची शंभर वर्षं त्यांचं खरं काम कोणाला कळलंच नाही. त्यांचं काम कोतवालाचं. वस्तीत कोण नवीन आलं ते पाहायचं, त्याची खूण उचलायची आणि जवळच्या गाठीत, म्हणजे मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या लिम्फच्या गाठीत जाऊन वर्दी द्यायची. त्या गाठीत टी पेशी, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, असतात. कोतवालानं आणलेली खूण ज्या टी पेशीला जुळते ती जागी होते, हजारोंनी वाढते आणि कातडीकडे निघते. गाजर गवतात पार्थेनिन नावाचा पदार्थ असतो, तो इतका बारीक की कातडीत शिरतो आणि आपल्याच प्रथिनाला चिकटतो, आणि कोतवालाला वाटतं हा परका. पहिल्या वेळी काहीच दिसत नाही. म्हणून तर बाबा म्हणत असतील की "मी इतकी वर्षं हेच गवत निंदून राहिलो, आताच काऊन होईल?" तसंच होतं, वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एका पावसाळ्यात कातडी ठरवते. आणि त्यानंतर झाडाशी गाठ पडल्यावर लगेच नाही, एकदोन दिवसांनी खाज सुटते. त्यामुळे सोमवारच्या निंदणाचा दोष माणूस बुधवारच्या वांग्याच्या भाजीला देतो. बाबांनी वांगं, दही, अंडी सोडली असं तुम्ही लिहिलंय ते त्यातलंच. खाऊ द्या हो त्यांना.

आता मुख्य गोष्ट. वर्दी मिळून कातडीत उतरलेल्या सगळ्या टी पेशी काम झालं की परत जात नाहीत. काही तिथेच मुक्काम करतात, वर्षानुवर्षं. मोठ्या माणसाच्या पूर्ण कातडीत मिळून सुमारे २ हजार कोटी टी पेशी असतात असा अंदाज आहे, रक्तात फिरणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट. हे तुम्ही गावात पाहिलंही असेल, एखाद्याला एखादी गोळी उठते आणि ओठावर किंवा हातावर काळा गोल चट्टा येतो, मग वर्षभरानं तीच गोळी चुकून घेतली तर बरोब्बर त्याच जागी परत येतो. जागा लक्षात ठेवणारं कोण? त्या मुक्कामी पेशी.

म्हणून बाबांची ट्यूब बंद केली की त्याच पापण्या, तीच मान. तुम्ही लिहिलंय "औषध खोटं आहे, नुसतं दाबून ठेवते." दाबून ठेवते हे खरंच आहे, पण म्हणून ते खोटं होत नाही. पेशी झोपल्या होत्या, मेल्या नव्हत्या, आणि खाटेमागून त्यांना रोज हाक मारणारं झाड तसंच उभं होतं. कोणी झोपावं कसं?

मग पेशींचं शास्त्र खरं आहे का? आहे न, आणि त्याचा एक भाग तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. कुत्रं चावल्यावर आता दोन्ही दंडांवर कातडीतच फुगवटी येईल अशी सुई देतात न, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, एका जागी फक्त ०.१ मिली. मांसात द्यायची तर एका वेळी याच्या कितीतरी पट लस लागते. कातडीत इतक्या थोड्यात भागतं कारण वर्दी देणाऱ्या कोतवालांची तिथे गर्दी आहे. तुमच्या डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहा, तोही कातडीतच दिलेला. आणि ज्या पॅच टेस्टचं मी पुढे सांगणार आहे, ती म्हणजे बाबांच्या कातडीतल्या पेशींनाच साक्षीला उभं करणं.

मोठ्या शास्त्राचंही सांगते. कर्करोगात टी पेशी रक्तातून काढून, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात बदल करून परत देतात, त्याला कार-टी म्हणतात. भारतात बनलेली अशी पहिली थेरपी, नेक्सकार१९, मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आली, २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली, पण ती ठराविक रक्ताच्या कर्करोगासाठी, खर्च कित्येक लाखांच्या घरात आणि पेशंटवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं कारण त्या पेशी पिसाळल्या तर आयसीयूची वेळ येते. जर्मनीत एर्लांगेनला हीच पद्धत ल्युपस नावाच्या, प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते अशा आजाराच्या ५ पेशंटवर वापरली, २०२२ मध्ये ते छापून आलं, आणि निकाल खरंच चांगले होते. लंडनमध्ये माणसाच्या कातडीतूनच निघणाऱ्या गॅमा-डेल्टा नावाच्या टी पेशी वाढवून कर्करोगावर सोडता येतील का हेही बघितलं गेलं. आणि बाबांच्या आजाराच्या सगळ्यात जवळचं म्हणजे, आपल्या शरीरात काही टी पेशी अशा असतात की ज्यांचं काम भांडण लावायचं नसून मिटवायचं असतं, गावच्या तंटामुक्ती समितीसारख्या. त्या शोधून काढणाऱ्या तिघांना, जपानचे शिमोन साकागुची, अमेरिकेच्या मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल, २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. ह्या समितीवाल्या पेशी वाढवून ॲलर्जी आणि आपल्याच अंगावर उलटलेले आजार शांत करता येतील का, यावर जगभर चाचण्या चालू आहेत. चाचण्या. विक्री नाही.

एक गोष्ट मला ह्या निमित्तानं नेहमी आठवते. राल्फ स्टाइनमन नावाचे शास्त्रज्ञ होते, वर्दी देणाऱ्या पेशींचा आख्खा वर्गच त्यांनी १९७३ मध्ये उजेडात आणला. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला तेव्हा त्यांनी स्वतःवर अशाच पेशींचे उपचार करून घेतले, निदानानंतर चारेक वर्षं जगले, आणि २०११ मध्ये नोबेल जाहीर व्हायच्या फक्त तीन दिवस आधी गेले. इतका मोठा माणूस, स्वतःच्याच शोधाचा उपचार, तरी ती वर्षं पेशींमुळे मिळाली की इतर औषधांमुळे हे एका पेशंटवरून कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. आणि तुमच्या पत्रकावर लिहिलंय ९५ टक्के गॅरंटी.

तर ते पत्रक. तुम्ही त्याचा फोटो पाठवला, मी चष्मा लावून तीनदा वाचलं. त्यात एकाच ओळीत गुडघेदुखी, शुगर, कोड, सोरायसिस, ॲलर्जी आणि मूल न होणं आहे. कार-टी एका कर्करोगाला चालते तर दुसऱ्याला चालत नाही अशी स्थिती असताना एकच सुई गुडघ्यालाही आणि पापणीलाही चालत असेल तर नोबेल त्यांनाच द्यायला पाहिजे. कोणत्या पेशी, किती, कुठल्या लॅबमध्ये वाढवतात, एक शब्द नाही. वर "स्टेमसेल आणि इम्युनसेल" असं दोन्ही लिहून ठेवलंय, म्हणजे गिऱ्हाईक ज्याच्यावर भाळेल ते. आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांत स्वच्छ आहे की रक्ताच्या आजारांसाठीचं बोनमॅरोवालं प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशींचा, बाकी वापर फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचा आणि अशा ट्रायलमध्ये पेशंटकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. ट्रायल असेल तर सीटीआरआय नावाच्या सरकारी नोंदवहीत तिचा नंबर असतो, तुम्ही तर मोबाईलच्या दुकानात बसता, पाच मिनिटांत शोधता येईल. नंबर नाही आणि पैसे मागतात, म्हणजे तो मंजूर इलाजही नाही आणि नियमात बसणारं संशोधनही नाही.

माझ्या चुलतदिरानं सोरायसिससाठी असंच केलं होतं, सेंटरचं नाव घेत नाही. दोन एकर गहाण टाकून तीन सुया घेतल्या. महिनाभर कातडी अशी चकचकीत झाली की सासूबाईंनी सत्यनारायण घातला. मग दुप्पट जोरानं उठलं, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती करावं लागलं, तिथल्या डॉक्टरांनी फाईल मागितली तर तिच्यात काय दिलं तेच लिहिलेलं नाही, नुसतं "सिटिंग १, सिटिंग २". आम्ही काय दाखवणार होतो त्यांना? मी नर्स, मी घरातच, आणि मला कोणी विचारलं नव्हतं हे दुःख अजून आहे, पण ते जाऊ द्या.

महारोगाचं मामांना काय सांगायचं? त्यांना दोष देऊ नका, जाड झालेला असा चेहरा पाहून शिकलेली माणसंही फसतात, आणि आपला भाग असा की आनंदवन आणि दत्तपूरची कुष्ठधामं आपल्या उंबऱ्यावर, भीती घराघरात मुरलेली. पण कुष्ठरोगाच्या चट्ट्याला सहसा खाज नसते, तिथे बधिरपणा असतो, आणि बाबा तर रात्रभर खाजवून राहिले. तरीसुद्धा मनात शंका ठेवून जगू नका, आरोग्य केंद्रात दहा मिनिटांत तपासतात. आणि समजा निघालाच, तर त्याच्या गोळ्या फुकट आहेत, तो पूर्ण बरा होतो. म्हणजे मामा म्हणतात तेवढं लपवण्यासारखं तेव्हाही काही नव्हतं. बाबांना पंगतीत बसवा. बाजूला तुम्ही बसा.

आता करायचं काय. मी तुमच्या जागी असते तर पहिला खर्च एका विळ्याचा न रबरी हातमोज्याच्या जोडीचा केला असता. खाटेमागचं सगळं गवत, नालीकडचं, गोठ्याकडचं, मुळासकट उपटायचं, पाऊस पडून जमीन ओली असताना आणि फूल यायच्या आधी, कारण एका झाडाला हजारो बिया येतात. हे काम बाबांनी करायचं नाही, आणि तुम्हीही पूर्ण बाह्या घालून, तोंड बांधून करा, कारण तुमच्या कातडीनं अजून ठरवलं नाही एवढंच. उपटलेलं पेटवू नका, वाळवून चुलीत घालू नका, फुलाआधीचं असेल तर खड्ड्यात पुरा. मोकळ्या जागेत तरोट्याचं बी फेका, तरोटा गाजर गवताला वर येऊ देत नाही, आणि कोवळा असताना भाजी होते ती वेगळी. गावात चार घरं मिळून मेक्सिकन भुंगे आणता आले तर पहा, पावसाळ्यात ते ह्या झाडाचा पाला खातात, कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

दुपट्टा आजच्या आज धुवा आणि घरात वाळवा, अंगणात नाही. वावरातून आल्यावर आधी आंघोळ, मग खाट. आणि हे लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते, शेवंती आणि सूर्यफूल गाजर गवताच्याच कुळातले, काही पेशंटची कातडी त्यांच्यावरही उठते, तेव्हा लग्नाकार्यात बाबांच्या गळ्यात शेवंतीचा हार नको.

दवाखान्याचं. यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज, सेवाग्राम, नाहीतर नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, तुम्हाला जे सोयीचं पडेल तिथे स्किनची ओपीडी असते. जाताना आतापर्यंतच्या सगळ्या ट्यूब, गोळ्यांची पाकिटं, सुयांच्या चिठ्ठ्या पिशवीत भरून न्या, रिकाम्या सुद्धा. पॅच टेस्ट विचारा. त्यात पाठीवर बारीक बारीक नमुने चिकटवतात, दोन दिवसांनी काढून पाहतात, मग आणखी एकदोन दिवसांनी परत पाहतात, म्हणजे एका आठवड्यात तीन चकरा होतात आणि मधल्या काळात पाठ ओली करायची नाही. तेव्हा नात्यातल्या कोणाकडे शहरात चार दिवस राहायची सोय आधीच करा, बरेच लोक दुसऱ्या चकरेला येत नाहीत आणि सगळं फुकट जातं. आजार भडकलेला असताना किंवा स्टिरॉइड जोरात चालू असताना ही टेस्ट करत नाहीत, आधी शांत करतात. घाई करून भांडू नका त्यांच्याशी.

इलाज काय देतील ते डॉक्टर ठरवतील, पण तुम्हाला अंदाज असावा म्हणून सांगते, सुरुवातीला बहुधा स्टिरॉइड, लावायला किंवा काही दिवस पोटातून, आणि जुना आजार असेल तर अझाथायोप्रिनसारखी गोळी. ही गोळी ह्या टी पेशींना वाढू देत नाही, भारतात गाजर गवताच्या पेशंटना ती वर्षानुवर्षं दिली जाते, अडीच लाखांपुढे तिची किंमत काहीच नाही. पण ती चिंचेसारखी चघळायची गोष्ट नाही. मधे मधे रक्त आणि लिव्हर तपासावं लागतं, ताप आला तर लगेच दाखवावं लागतं, आणि तिचा असर यायला एकदोन महिने जातात. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. गावातली ती सुई मात्र थांबवायची आहे हे डॉक्टरांना सांगून त्यांच्या सल्ल्यानंच थांबवा, कारण ती बहुधा स्टिरॉइडची आहे, खूप दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम सोडलं तर माणूस ढासळतो. शुगर आणि बीपीही एकदा पाहून घ्या.

आणि एक. तोंडानं गाजर गवताचा अर्क थोडा थोडा देऊन शरीराला त्याची सवय लावायचे प्रयोग आपल्याकडे दवाखान्यात झाले आहेत, हे कुठेतरी व्हिडिओत पाहून कोणी घरी काढा करायला सांगेल. करू नका. दवाखान्यातलं मोजून दिलेलं वेगळं आणि आपल्या पातेल्यातलं वेगळं.

पूर्ण बरं होईल का? त्या मुक्कामी पेशींना बाबांच्या कातडीतून हाकलून देईल असं औषध आज कोणाकडेच नाही, पत्रकवाल्याकडे तर नाहीच. पण खाज इतकी कमी होते की माणूस रात्रभर झोपतो, चेहऱ्याची जाडी उतरते, लोक परत वावरात जातात, हे मी पाहिलंय. काहींना वावराचं काम बदलावं लागतं, निंदण आणि डवरण दुसऱ्याकडे द्यायचं न बाबांनी कापूस मोजायचा, हिशेब पाहायचा. त्याला बाबा तयार होणं हे औषधापेक्षा कठीण जाईल बहुतेक.

गुन्हेगार व्हायचं तुम्ही लिहिलं त्यावर. आई तयार आहे कारण तिला काहीतरी मोठं करायचं आहे, चार वर्षं तिनं रात्री बाबांची पाठ खाजवून दिली आहे, अडीच लाख तिला त्या रात्रींच्या तोलाचे वाटतात. तिला "ते फसवे आहेत" म्हणून गप्प करू नका. तिला सोबत ओपीडीत न्या, डॉक्टरांना तिलाच विचारू द्या, आणि घरी आल्यावर दुपट्ट्याची, गोळ्यांच्या वेळेची, रक्ताच्या तारखांची वही तिच्या हातात द्या. आणि बाबा नको म्हणतात न, तर त्यांना एकदा शांतपणे विचारा का नको. मला वाटतं त्यांना बैलांचं पडलंय. तुम्ही पत्रात सगळ्यांचं म्हणणं लिहिलं, बाबांचं मात्र एका शब्दात उरकलं.

त्या पत्रकवाल्याचा फोन येईलच, पेरणीच्या तोंडावर आणि चुकारा झाला की यांना बरोबर आठवण येते. त्याला फक्त सीटीआरआयचा नंबर मागा आणि तो काय म्हणाला ते मला कळवा. आणि खाटेमागची जागा साफ झाल्यावर तोच फोटो परत काढून पाठवा, त्याच जागेवरून.

तुमची ताई